दादाला घोडी घ्यायचीय, एक पाय नाही, वहिनी बोलत नाही… कुणाला अनुभव आहे का?

कोरेगावची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. इथं रोज वाचते पण लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

विषय माझ्या थोरल्या भावाचा आहे. माहेर कोरेगाव तालुक्यातलं, मी लग्न होऊन सांगलीत. दादा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होता, सतरा वर्षं सर्व्हिस. पेट्रोलिंगला असताना माइनवर पाय पडला, डावा पाय गुडघ्याखाली गेला. आधी कमांड हॉस्पिटल, मग पुण्यातच आर्टिफिशियल लिंब सेंटरला नवीन पाय बसवला, तिथं चालायला शिकला, जिने चढायला लागला, फोनवर हसायचा सुद्धा. तिथं सगळेच तसे होते ना. घरी आला आणि बसला. म्हणजे खरंच बसला. सोप्यात खुर्ची, समोर टीव्ही, तो बघायचा पण नाही नुसता चालू ठेवायचा. रात्री दोन-अडीचला उठून अंगणात फेऱ्या. दिवाळीत पोरांनी फटाके लावले की आतल्या खोलीत जाऊन कडी. कँटीनचा महिन्याचा दारूचा कोटा आठ दिवसात संपायचा (हे लिहू की नको असं झालं होतं, पण लपवून सल्ला कसा मिळणार). आमच्याकडं फौजेतनं आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात, मग तो शिपाई का असेना, तर "काय मेजर" म्हटलं की पूर्वी खुलायचा, आता मान फिरवायचा. २६ जानेवारीला शाळेत झेंड्याला बोलावलं, गेला नाही. तीन वर्षं असंच.

वहिनी अपशिंगे मिलिटरीची. ज्या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धातनं परत आले नाहीत, अजून स्तंभ आहे तिथं, त्या गावची लेक, म्हणजे फौजेचं कौतुक आणि फौजेची धास्ती दोन्ही तिच्या घरातच वाढलेलं. ऊस, दोन म्हशी, पोराची शाळा, सगळं एकटी बघते. ती कधी तक्रार करत नाही म्हणून आता ती चिडलीय तर मला टेन्शन आलंय.

झालं असं की मागच्या आषाढात आम्ही आजोळी तरडगावला होतो, माउलींची पालखी यायची होती. अलीकडं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण असतं, दादाला ओढून नेलं आईनं. दोन्ही अश्व दौडत गेले आणि नंतर टापांखालची माती घ्यायला ही झुंबड, कपाळाला लावतात ना. मी म्हटलं दादा तू वाकू नको मी आणते, तर म्हणाला माती नको मला, जरा सरक, घोडा दिसत नाहीये. पालखी पुढं गेली तरी हा अश्वांच्या मागं मागं, काठी न घेता, अर्धा किलोमीटर तरी.

गावी आल्यावर पंधरा दिवसांनी आईचा फोन, दादा पहाटे पाचला उठून गाडीवर कुठंतरी जातो. कुठं तर शेजारच्या गावात लग्नाला घोडी देणारे एक काका आहेत त्यांच्या पागेत. लीद काढतो, खरारा करतो, हरभरे भिजवून चंदी देतो. आई म्हणाली अंगाला लीदीचा वास मारतोय बाई, पण दोन भाकरी खातोय. कोटा पण महिनाभर पुरायला लागला, निदान वीस दिवस तरी. असे चार महिने गेले, सगळे खूष.

आता माशी शिंकली. त्या काकांच्या पोरानं व्हिडिओ टाकला, दादा घोडीवर. बिनहेल्मेट, बिनधास्त, चिंचेखालनं वाकून जातोय. वहिनीनं बघितला आणि घरात जे काही झालं ते विचारू नका. "एक पाय देशाला दिला, आता मान घोडीला देणार काय" असं म्हणाली. दादा काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा गेला. वर आता म्हणतोय तीच घोडी विकत घेतो, काका द्यायला तयार आहेत, नाहीतर अकलूजच्या बाजारातनं आणतो. पोराच्या अ‍ॅडमिशनला ठेवलेले पैसे आहेत ते.

तर मला हे कळत नाहीये की पाय नसलेल्या माणसानं घोड्यावर बसणं कितपत बरं, कुणी केलंय का असं, आणि ही घोडी घ्यायची परवानगी आपण (म्हणजे आम्ही बायकांनी) द्यायची का अडवायचं. मला दोन्ही बाजूंनी रोज फोन येतात आणि मी दोघांनाही हो हो करते.

फिजिओ_मिरज

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, घोड्यातलं मला काही कळत नाही, पण त्यावर बसलेल्या माणसातलं थोडं कळतं.

घोडा चालतो तेव्हा (पळतो तेव्हा नाही) वर बसलेल्याची कंबर पुढंमागं, डावीउजवीकडं आणि थोडी गोल अशी तिन्ही प्रकारे हलते, आणि माणूस स्वतः चालताना कंबर जशी हलते त्याच्या हे फार जवळ जातं. मिनिटाला साधारण शंभर पावलं धरा, पंधरा मिनिटात दीड हजार वेळा पोटापाठीचे स्नायू तोल सावरतात. आणि त्याला तो व्यायाम वाटत नाही ही खरी गंमत. माझ्याकडं येणारे निम्मे लोक घरी दिलेला व्यायाम करत नाहीत आणि मला सांगतात केला. पाय गेलेला माणूस नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकतो, कंबर एका बाजूला कलते, काही वर्षांनी पाठ धरते. घोड्यावर तिरकं बसलं की खोगीर सरकतं, लपवता येत नाही.

हे काही नवीन खूळ नाही. डेन्मार्कच्या लिस हार्टेल म्हणून बाई होत्या, १९४४ ला पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायात जीव नाही, घोड्यावर चढवायला उतरवायला दुसरं माणूस लागायचं, आणि त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये (घोड्याला इशाऱ्यावर ठरलेल्या चाली करायला लावायची स्पर्धा) रौप्यपदक घेतलं. सगळी स्पर्धा धडधाकट लोकांची, त्यात पुरुषांच्या बरोबरीनं. १९५६ ला परत रौप्य. पॅरालिंपिकमध्ये घोडेस्वारी १९९६ च्या अटलांटापासून आहे. आणि अमेरिकेत आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत शवपेटीचा गाडा ओढणारे जे सैन्याचे घोडे असतात, त्याच घोड्यांवर २००६ पासून जखमी जवानांना बसवायला सुरुवात केली होती, त्यात पाय गेलेले बरेच होते.

आता माझी अडवणूक. बसायच्या आधी हे बघून घ्या. माइनच्या स्फोटात दणका वर मणक्यापर्यंत जातो, तेव्हा पाठीचा आणि खुब्याचा एक्स-रे नवीन काढा, जुना चालणार नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. कधी फिट आलीय का, डोक्याला मार होता का. आणि स्टंपची (म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाची) कातडी रोज बघायची, रोज म्हणजे रोज, गुडघ्याच्या आतल्या बाजूला सॉकेटची (नकली पायाची वाटी असते ना, तिची) कड खोगिरावर घासते, तिथं लाल झालं आणि वीस मिनिटात लाली गेली नाही तर त्या दिवसापुरतं बंद. एक छोटी जखम झाली की महिनाभर पाय घालता येत नाही आणि मग तो परत त्या खुर्चीत. मला घोड्यावरनं पडण्यापेक्षा या जखमेची जास्त भीती वाटते.

झोप, फटाके, दारू हे जे लिहिलंय त्याबद्दल एवढंच की घोड्यानं बरं वाटतंय म्हणून गोळ्या किंवा डॉक्टर सोडू नका. चालू नसतील तर चालू करा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. घोडा ऐकून घेतो हे खरं पण तो प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही.

आटपाडीचा_शहाणा

घोडं म्हंजे बसून खाणारं जनावर. दूध नाय, शेण चुलीला नाय, नांगराला नाय. त्यापरीस मुऱ्हा म्हैस घ्या, सकाळी पाचला उठायचंच आसंल तर धारा काढाय उठूं द्या की मेजरला. प्रश्न मिटला.

कोरेगावची_माहेरवाशीण

@आटपाडीचा_शहाणा म्हशी दोन आहेत दारात. तीन वर्षात त्यानं एकीला पाणी दाखवलेलं नाही. वहिनीचा तर खरा राग हाच आहे हो, "लोकाच्या घोडीची लीद काढतो आणि घरच्या म्हशीचं शेण मी काढते".

@फिजिओ_मिरज ताई खूप आभार, रक्त पातळ करायची गोळी नाही, फिट नाही. पाठ मात्र दुखते त्याची, बोलत नाही पण उठताना हात टेकतो. एक्स-रेचं सांगते.

खच्चरवाला_सुभेदार

ताई राम राम. मी वाळवा तालुक्यातला. एएससीत (फौजेला रसद पुरवणारं खातं) अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्टला होतो म्हणजे आमची खच्चरं, जिथं गाडी जात न्हाई तिथं राशन, केरोसीन, गोळा-बारूद पाठीवर न्यायची. अठ्ठावीस वर्षं जनावरात काढली. बर्फात एकदा खच्चरासकट घसरलो, ते वाचलं, माझं कमरंचं हाड मोडलं. घरी आलो तवा मी बी तुमच्या दादासारखाच, फरक एवढा की मी टीव्ही बंद करून बसायचो. म्हणून लिवतोय, ऐकीव न्हाई.

पयलं चढायचं बघा. डावा पाय गेलाय तर डावीकडनं चढणं सोडून द्या. घोड्यावर डावीकडनं चढायची रीत तलवारीमुळं आलीय, तलवार डाव्या कमरंला असायची, ती पायात येऊ नये म्हणून. आता तलवार कुठाय? उजवीकडनं चढायचं, चांगला पाय रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत). पण वरातीची घोडी हाय, तिच्यावर आजवर सगळे नवरदेव डावीकडनंच चढवलेत, उजव्या अंगाला माणूस लोंबायला लागला की ती दचकणार. त्येला आठ-दहा दिवस उजवीकडनंच खरारा करू द्या, उजवीकडनंच खोगीर टाकू द्या, तंग आवळू द्या, उजव्या रिकिबीवर हातानं भार देऊ द्या, मग चढायचं. आणि जमिनीवरनं न्हाई, अडीच फुटाचा ओटा बांधून घ्या तीन पायऱ्यांचा, विटा-सिमिट हजार-दोन हजाराचं काम. ओट्यावरनं चढलं की घोडीच्या पाठीला बी झटका बसत न्हाई.

दुसरं रिकीब. नकली पायाचा घोटा आपल्यासारखा वळत न्हाई, टाच खाली दाबता येत न्हाई. पाऊल सरकून रिकिबीतनं आरपार जातं आणि त्येला समजत बी न्हाई कारण तिथं पायच न्हाई. पडला तर फरफटत जाईल. म्हणून डाव्या रिकिबीला पुढनं जाळी नायतर चामड्याची टोपी बसवून घ्या, बोटं आत राहतील, पाऊल पुढं जाणार न्हाई. आणि कुणी शहाणा म्हणंल की पाय रिकिबीला बांधा, दोरीनं कंबर खोगिराला बांधा, तर त्येला पागेतनं हाकलून द्या. बांधलेला माणूस घोड्याखाली सापडतो.

तिसरं, डाव्या टाचंचा इशारा तिला पोचणार न्हाई. त्या बाजूला हातात वेताची लांब छडी धरायची, मारायला न्हाई, जिथं टाच लागली असती तिथं टेकवायला. परदेशात अपंगांच्या स्पर्धेत बी अशी छडी चालते. पंधरा दिवसात घोडी समजून घेती, त्यांना आपल्यापेक्षा लवकर समजतं.

आणि पयला महिना दोरावर. मधी माणूस उभा, मोहरकीला दोर, गोल चाल, नुसती चाल. दुडकी (हळू पळणं) मागनं. नांगरलेलं मऊ रान असलं तर उत्तम, उसाची खोडकी असलेलं रान अजिबात नको, पडला तर खोडकी भाल्यासारखी घुसती. व्हिडिओत चिंचंखालनं गेला म्हणताय त्यो नाद बंद करायला सांगा, माझ्या वतीनं सांगा, सुभेदारानं हुकूम दिलाय म्हणावं. हवालदार हाय, ऐकंल.

आता दुसरी गोष्ट, जरा बेतानं लिवतो. घोडं भित्रं जनावर. वाघाचं खाणं हाय ते, त्यामुळं त्येचे डोळे बाजूला, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकाच्या अगदी पुढचं आणि बरोबर मागचं न्हाई. सारखं चौकस, कान कायम फिरते. पेट्रोलिंगला आम्ही असंच असतो ताई. घरी आल्यावर बी ते थांबत न्हाई, भांडं पडलं तरी मान वळते, बाजारात पाठ भिंतीला लावून उभं राहतो, आणि घरचे म्हणतात एवढं काय त्यात. घोडीपाशी उभं राहिलं की हे काम ती करती. तिचे कान ढिले हायत म्हंजे काय न्हाई, सगळं ठीक हाय. मग माणूस दहा-वीस मिनिटं तरी पहारा सोडतो. मला पयल्यांदा दुपारची झोप लागली ती तबेल्यात कडब्याच्या पेंढ्यावर, घरात न्हाई. बायकोला वाईट वाटलं होतं तवा, अजून काढती कधीकधी.

मुरलीकांत पेटकर आमच्याच बाजूचे, पेठचे. बॉक्सर होते, १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरंखालचं गेलं. व्यायाम म्हणून पाण्यात उतरवलं आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकला पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सोनं आणलं, भारताचं पयलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं ती गोष्ट वेगळी. हे सांगायचं कारण दादानं बी पदक आणावं असं न्हाई, आमच्याकडं लोकांना लगेच पदकच पाहिजे असतं. कारण हे की त्यांना बी कुणीतरी आधी पाण्यात उतरू दिलं.

जमलं तर एकदा पुण्यात खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला (कमरंखालचं गेलेल्या जवानांचं केंद्र) दादाला नुसतं भेटायला घिऊन जा. व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळणारी, तोंडात ब्रश धरून चित्रं काढणारी पोरं हायत. तुम्हीच म्हणालात की पुण्यात होता तवा हसायचा.

माणदेशी_पागा

सुभेदारांनी माणसाचं सांगितलं, मी घोडीचं सांगतो, कारण इथं घोडीचं कुणी विचारलंच नाही अजून.

मी माण तालुक्यातला, घरात आज्यापासून घोडी. पहिला प्रश्न, ही घोडी केवढी आहे? दादांचं वजन, नकली पाय, खोगीर सगळं मिळून घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत पाहिजे. दादा सत्तर आणि खोगीर दहा-बारा धरलं तर घोडी चारशे किलोची पाहिजे. लग्नाच्या घोड्या बऱ्याच वेळा बारक्या असतात, नवरदेव अर्धा तास बसतो म्हणून चालतं. रोज बसायला बारकी घोडी घेतली तर दोन वर्षात तिची पाठ जाईल आणि मग दोघं एकमेकांकडं बघत बसतील.

दुसरं, का विकतायत? काकांचं चालू धंद्यातलं जनावर सीझनच्या तोंडावर विकायला काढलंय म्हणजे विचारा. वय दातावरनं बघा, दातातलं कळणारा माणूस न्या. कडक रस्त्यावर सरळ दुडकी पळवून बघा, डोकं वरखाली मारत असेल तर पुढच्या पायात लंगड आहे. खूर हातात घेऊन बघा, गरम आहेत का, भेगा आहेत का. नवरदेवाच्या घोडीला एक फायदा, ती बँड, डीजे, माळा सगळ्यात उभी राहिलेली असते. एक तोटा, तिला गर्दीत उभं राहायला येतं, एकटीनं रानात जायला येत नाही. अकलूजला गेलात तर पहिल्या दिवशी घेऊ नका आणि रंगावर भाळू नका. बाजारात घोडं नाचवून दाखवतात, तुम्हाला नाचणारं नकोय, उभं राहणारं पाहिजे. व्यापाऱ्याला म्हणा उजवीकडनं चढून दाखव, तिथंच निम्मी गाळली जातील.

तिसरं, खाणं. कोरेगाव म्हणजे ऊस, दारात वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकट पडलेलं असणार, आणि म्हशीला घालतो तेच घोडीला घालतील. अजिबात नको. वाड्यात ऑक्झलेट असतं ते शरीरातला कॅल्शियम खातं, म्हशीचं पोट ते पचवून घेतं, घोड्याचं नाही घेत, हाडं बिघडतात. कोवळी हिरवी ज्वारी पण नको. वाळलं गवत, चांगला कडबा, थोडा लसूणघास, भिजवलेला हरभरा, मीठ. रोज सहा-सात किलो वैरण आणि ती पण दिवसभर थोडी थोडी. बुरशी आलेला कडबा टाकून द्या, हळहळू नका, घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलं ते गेलं, पोटशूळ उठला की रात्रीत जातं जनावर. नाल सहा ते आठ आठवड्यांनी, नालबंद आता मिळत नाहीत, आधी तो शोधा मग घोडी. धनुर्वाताची लस घोडीला आणि दादांना दोघांनाही, पागेत धनुर्वात नेहमीचाच.

आणि खर्च लपवून ठेवू नका वहिनींपासून. घोडी स्वस्त असते, घोडी ठेवणं महाग असतं.

पाऊसवेडी

फक्त एक गोष्ट सांगते. माझे पप्पा पण फौजेतले, त्यांना कुत्रा होता, त्याच्यामुळं ते बाहेर पडायला लागले, सगळे म्हणायचे काय बदललेत. चार वर्षांनी कुत्रा गेला आणि पप्पा जिथं होते त्याच्याही मागं गेले. सावरले, पण दीड वर्ष गेलं. घोडा आणू नका म्हणत नाही मी. पण एकाच जनावराच्या गळ्यात सगळं बांधू नका. त्या पागेत बाकीची माणसं येतात का, पोरं येतात का, तेही बघा.

फिजिओ_मिरज

@पाऊसवेडी हे फार बरोबर बोललात. मला सुचलं नव्हतं.

आटपाडीचा_शहाणा

नालबंद विट्याकडं एक हाय, म्हातारा हाय पण हात चांगलाय. नंबर पायजे आसंल तर मेसेज करा. (म्हशीचं माझं मत कायम हाय.)

कोरेगावची_माहेरवाशीण

दोन महिने झाले, उत्तर द्यायला उशीर केला, पण सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं आधी.

हे सगळं मी वहिनीला फोनवर वाचून दाखवलं. सुभेदारकाकांचं झोपेचं आलं तेव्हा ती गप्प झाली, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली दादा पण त्या पागेत दुपारचं झोपतो का विचारायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी स्वतः गेली बघायला, साडेपाचला, म्हशींच्या धारा आईवर टाकून. परत आल्यावर मला म्हणाली, "कुणाशीतरी बोलत होता गं तो, मी ऐकलं, घोडीशी नाही, त्या काकांच्या पोराशी, भरतीला कसं पळायचं ते सांगत होता." तो पोरगा आणि त्याचे तीन मित्र पहाटे रनिंगला येतात, सोळाशे मीटरची तयारी, दादा घोडी फिरवता फिरवता त्यांचं टायमिंग घेतो. हे आम्हाला कुणाला माहितीच नव्हतं. चार महिने.

एक्स-रे झाला. पाठीत जुनं काहीतरी निघालं पण डॉक्टर म्हणाले चाल चालेल, दुडकी सहा महिने नाही. सॉकेट सैल झालं होतं ते बदलायला पुण्याला जाऊन आला, एकटा गेला एसटीनं. खडकीला पण गेला होता म्हणे, काय बघितलं ते सांगत नाही.

घोडी अजून घेतलेली नाही. माणदेशी दादांचं वाचून घोडीच्या छातीला वजनपट्टी लावली, तीनशे दहा किलोच्या आसपास भरली. दादाचं तोंड उतरलं पण लगेच म्हणाला मग हिच्यावर नाही बसायचं. त्यानं स्वतःच बंद केलं. आता काकांच्या दुसऱ्या थोराड घोड्यावर दोरावर बसतो, वीस मिनिटं, ओटा बांधलाय, उजवीकडनं चढतो. ती बारकी घोडी त्याच्या मागं मागं असते. पैसे अ‍ॅडमिशनला तसेच आहेत, अकलूजचं पुढच्या वर्षी बघू असं ठरलंय, म्हणजे वहिनीनं ठरवलंय.

सगळं छान झालं असं नाही. मध्ये एका वरातीत काकांकडं माणूस कमी होतं म्हणून दादा घोडीचा दोर धरायला गेला. दारात हजाराची माळ लावली. घोडी हलली नाही आणि तिच्या मानेला धरून हा पण हलला नाही, काका सांगत होते. पण घरी आल्यावर तीन दिवस पागेत गेला नाही, कोटा काढला, कुणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी वहिनीच उठवायला गेली पाचला. "घोडीला चंदी कोण घालणार" असं विचारलं तिनं. ती विचारतेय म्हटल्यावर तो तिच्याकडं बघतच राहिला म्हणे, पण उठला. १४४१६ ला अजून फोन केलेला नाही, मी नंबर भिंतीवर लिहून ठेवलाय कॅलेंडरशेजारी.

आता वहिनीचा प्रश्न आहे, माझा नाही. गाडीचं हेल्मेट घोड्यावर चालतं का? आणि नसेल चालत तर डोक्याचं माप कसं घ्यायचं, ती म्हणते त्याच्या डोक्याचा घेर मोठा आहे, पलटणीची टोपी पण स्पेशल शिवून घेतली होती.

खच्चरवाला_सुभेदार

गाडीचं चालत न्हाई, जड असतं, मान ओढतं आणि आजूबाजूचं ऐकू येत न्हाई. घोडेस्वारीचंच वेगळं मिळतं, पुण्यात मिळंल. शिवणाची टेप भुवईच्या वर दोन बोटं ठेवून कानाच्या वरनं डोक्याच्या मागच्या फुगीर भागापर्यंत फिरवा, सेंटीमीटरमधी माप लिवून घ्या. साठच्या वर भरलं तर दुकानात आधी फोन करून जा, मोठी मापं ठेवत न्हाईत.